म्हशीला वळसा

१६ फेब्रुवारी

पोस्टमास्तर साहेब,

तीन वर्षांपूर्वी तलाव आटला आणि माझी होडी होती तिथेच बसली. तेव्हापासून पलीकडच्या काठाचं टपाल डोंगराच्या रस्त्याने अख्खा दिवस फिरून जातं, तेही महिन्यातून दोनदा. आता ती गाडीही बंद करून पलीकडचं पोस्टच ३१ मेला उठवायचं चाललंय, असं कळलं. सव्वीस वर्षं ती थैली मी होडीतून नेली आहे आणि एकदाही ओली होऊ दिलेली नाही.

थैली मी परत नेऊ शकते. पंक्चरवाल्याच्या दुकानात एक फळी पडून होती. खाली चार हवेची चाकं, वर डोलकाठी, तिला शीड आणि शीड धरायला छातीच्या उंचीवर एक दांडी. कुणी हौशी पाहुणा दोनदा आपटला आणि टाकून गेला. मी पाच आठवडे तिच्यावर उभं राहायला शिकतेय. तेवीस वेळा आपटले. चोविसाव्या वेळी तलावातल्या मधल्या खांबापर्यंत जाऊन परत आले. वारा आडवा असला की जाताही येतं आणि येताही येतं, आणि आमच्या तलावावर वारा आडवाच असतो. पेट्रोल लागत नाही.

तुम्ही हसाल. हसून झालं की अर्जावर काय ते लिहा.

होडीवाली


२० फेब्रुवारी

होडीवाल्या बाई,

हसून झालं. वरच्या साहेबांचंही झालं. ३ मार्चपासून तीन महिने चाचणी. दर मंगळवारी आणि शनिवारी थैली दुपारी बाराच्या आत पलीकडच्या खिडकीवर पोचली पाहिजे. बारा वाजून एक मिनिट म्हणजे फेरी चुकली. तीन फेऱ्या चुकल्या की चाचणी संपली आणि पलीकडचं पोस्टही संपलं. दर फेरीचा अहवाल द्यावा. हेल्मेट घालावं.

पोस्टमास्तर

ता. क. शिडावर पोस्टाचं नाव लिहू नका. तुम्ही पडाल आणि बदनामी आमची होईल.


२ मार्च

दादा,

तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. टपाल सुरू झालंय म्हणून लिहितेय. पोस्टाने एक माणूस ठेवला आहे, चाकांच्या फळीवर शीड लावून येतो. तुझ्या खिडकीतून धक्का दिसतो, तेव्हा तोही दिसेलच.

भांडण आहे ते आहेच. माझ्या होडीचं शीड मला न विचारता कापलंस आणि त्याची धान्यावरची झाकणं शिवून विकलीस, हे मी विसरलेले नाही. तुझ्या पायऱ्या चढणार नाही म्हटलं होतं, तेही कायम आहे. पण पत्राला काही पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. कसा आहेस ते कळव.

तुझी (नाइलाजाने) धाकटी


६ मार्च

धाकटे,

पत्र पोचलं. मी ठणठणीत आहे.

तुझा तो फळीवाला आला होता. त्याच्या त्या चिंधीला शीड कोण म्हणतं? मागची कड अशी फडफडते की वर घरात ऐकू येतं. फडफडणारं शीड आणि बडबडणारा माणूस सारखेच, निम्मा जोर तोंडातच जातो. त्याला सांग, मागच्या कडेत बारीक दोरी ओव आणि आवाज थांबेल इतकीच ताण. त्याहून जास्त ताणलीस तर शीड आकसेल.

होडीच्या शिडाचं म्हणशील तर पाणी परत येणार नव्हतं आणि एवढं कापड उंदरांना घालायचं नव्हतं. माझं काही चुकलेलं नाही.

दादा


१६ मार्च

दादा,

दोरी ओवली. आमचा माणूस म्हणतो, पंधरा मिनिटं वाचली. तुझे आभार मानायला सांगितलेत त्याने. मी स्वतः मानत नाहीये.

तरी शनिवारची फेरी चुकली. तळ तापल्याशिवाय वारा उठत नाही. परवा तो उठला सव्वादहाला, त्यात वाटेत चाकं गाळात रुतली आणि थैली पोचली बारा वीसला. अशा तीन फेऱ्या चुकल्या की तुमचं पोस्ट कायमचं बंद. मग साधं पाकीट टाकायलासुद्धा दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून इकडे यावं लागेल. पण आमचा माणूस चिवट आहे, हार मानणारा नाही.

तुझं अक्षर एवढं मोठं कधी झालं? एका पानावर नऊ ओळी. कागद काय फुकट मिळतो का तिकडे?

धाकटी


२० मार्च

धाकटे,

पेनाचं टोक जाड आहे, बाकी काही नाही. उगाच फाटे फोडू नकोस.

तलाव तीन वर्षं कोरडा आहे, मग ह्याला गाळ सापडतो कुठे? वाट कुठली धरतो तो?

आणि पोस्ट बंद होता कामा नये, हे त्याला नीट समजावून सांग. मी एका पत्राची वाट बघतोय. कसल्या ते विचारू नकोस.

दादा


२८ मार्च

पोस्टमास्तर साहेब,

अहवाल. आज थैली ११.४० ला पोचली. वारा बरा होता. एकदा पडले, कोपर सोललं. थैलीला काही झालं नाही.

आज धक्क्यावर हेल्मेट काढून पायऱ्यांशी पाणी पीत उभी होते. माझा सख्खा थोरला भाऊ पायऱ्या उतरत आला. दहा पावलांवर थांबला, सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "काय हो पोस्टवाले, कड आता गप्प बसली ना?" मी काही बोलले नाही. तो वळला आणि गेला. तीन वर्षं राग धरायचा तर धरावा माणसाने, पण समोर उभ्या बहिणीला "पोस्टवाले" म्हणायचं म्हणजे हद्द झाली. हे तुमच्या कामाचं नाही, पण अहवालात लिहायला दुसरं काही नव्हतं.

होडीवाली


३० मार्च

दादा,

ओळख असून अनोळखी होणाऱ्या माणसांशी मला काही बोलायचं नाही. तब्येत सांभाळ.

धाकटी


३ एप्रिल

धाकटे,

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. कुणी काय केलं तुला? मी तर काठ सोडून कुठे जात नाही, माणसं भेटतात ती पोस्टातल्या बाई आणि तुझा तो फळीवाला. तो गेल्या शनिवारी भेटला धक्क्यावर. घुम्या आहे, मी आपणहून विचारलं तर हूं की चूं केलं नाही.

पण माणूस कामाचा आहे. म्हणून त्याच्यासाठी एक शीड शिवायला घेतलंय. होडीच्या शिडाचा मधला पट्टा माझ्याकडे शिल्लक आहे, तो विकला नव्हता. का नाही विकला ते मलाच माहीत नाही. पुढच्या शनिवारी थैलीबरोबर देतो.

दादा


१३ एप्रिल

दादा,

शीड मिळालं. आमच्या माणसाने ते मला दाखवायला आणलं आणि मी ते मांडीवर घेऊन तासभर बसले.

तुझी शिवण मी डोळे मिटून ओळखते. बोटभरात सात टाके, सहा नाहीत की आठ नाहीत. बाबा गिऱ्हाइकाला पट्टी लावून दाखवायचे. ह्या शिडावर बोटभरात कुठे चार आहेत तर कुठे अकरा. दोन ठिकाणी सुई कापड सोडूनच गेली आहे. आणि खालच्या कोपऱ्याला रक्ताचे तीन डाग आहेत.

दादा, तुला दिसत नाही ना? खरं सांग. पेनाच्या टोकाची गोष्ट परत सांगितलीस तर मी हे पत्र लिहिणं बंद करेन.

मी तुझ्यावर एका गोष्टीसाठी फार रागावले होते. तो राग मी मागे घेते. अजून काही विचारू नकोस. रडून झालंय माझं, आता लिहिताना परत नको.

शीड कापलंयस मात्र झकास. टाके वाकडे आहेत, पण आकार असा आहे की दांडी हातात खेचली जाते. आमचा माणूस खूश आहे.

धाकटी


१७ एप्रिल

धाकटे,

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड-अंधार कळतो, रंग थोडा कळतो, माणूस कळत नाही. तुझी पत्रं पोस्टातल्या बाई वाचून दाखवतात. लिहितो मी स्वतः, पट्टी ठेवून. सांगितलं नाही, कारण शिवणाऱ्याला दिसत नाही म्हटलं की गिऱ्हाईक गेलं, आणि तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस की माझं शीड कापल्याची शिक्षा मिळाली.

तुमच्या काठच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नाव लावलंय. तारीख पत्राने कळवतात. तारखेला हजर नसलं की नाव यादीच्या तळाला, म्हणजे अजून वर्ष. त्या पत्राची वाट बघतोय. थैली बंद पडली तर ते पत्र कुठल्या तरी टेबलावर पडून राहील आणि माझी तारीख निघून जाईल. वर्षभर मी थांबेन, पण तेवढ्यात शिवण हातातून जाईल. हात विसरतात गं.

म्हणून म्हणतो, तुझ्या माणसाला सांग.

दादा


४ मे

दादा,

शिक्षा वगैरे मी म्हटलं नसतं. मनात आलं असतं, पण म्हटलं नसतं.

वाईट बातमी आहे. शनिवारी वारा पडला. एक पान हललं नाही. आमचा माणूस फळी दोरीने ओढत आख्खी वाट चालला. थैली अडीचला पोचली आणि दुसरी फेरी चुकली. आता एकही चुकून चालणार नाही, आणि नऊ... नाही, आठ फेऱ्या बाकी आहेत. दिवसेंदिवस वारा उशिरा उठतोय. मंगळवारी पावणेदहाला उठला तर पुढच्या आठवड्यात साडेदहाला उठेल, आणि वाटेला दोन तास लागतात.

तरी तू काळजी करू नकोस. तुझं पत्र तुझ्या हातात पडेल. हा माझा शब्द आहे.

धाकटी


८ मे

धाकटे,

काल मी पोस्टातल्या बाईंना बरोबर घेऊन तलावात उतरलो. त्या चाकांच्या खुणा बघत होत्या आणि मी काठीने चाचपत होतो. इकडून निघालेली खूण सरळ जाते, दीड-दोन किलोमीटर सूतभर हलत नाही. मग म्हैस आली.

तू म्हैस विसरली नसशील. तलावाच्या मध्यावरचा वाळूचा उंचवटा, पाणी कमी झालं की ज्याची काळी पाठ वर दिसायची. तिच्यावर आपटून बाबांची होडी फुटली आणि बाबा गेले. त्या दिवसापासून तू होडी कायम तिला वळसा घालून खोल वाटेने नेलीस. पाण्यात ते बरोबरच होतं.

पण आता पाणी कुठे आहे? म्हैस सुकून दगडासारखी टणक झालीय. मी काठी आपटून बघितली, खणखण वाजते. आणि चाकाची खूण मात्र तिच्यासमोर येऊन डावीकडे वळते, अगदी तिथेच, जिथे बाबा ओरडायचे, "म्हैस आली, वळ!" वळून जाते कुठे, तर खोल वाटेत, जिथे तीन वर्षांचा गाळ अजून ओला आहे. वळशाचे सहा किलोमीटर जास्त, वर चिखल.

पोस्टातल्या बाई म्हणाल्या, हा माणूस वेडा आहे का, समोर एवढं कडक मैदान सोडून चिखलात कशाला जातो? मी म्हटलं, वेडा नाही. परका माणूस असता तर सरळच आला असता. सुक्या म्हशीला घाबरणारी माणसं जगात तीनच होती. बाबा नाहीत. मी तिथे उभा होतो.

मग मी तिथेच खाली बसलो. धक्क्यावर मी कुणाला पोस्टवाले म्हटलं, तेही तेव्हा कळलं. धाकटे, मला खरंच दिसलं नाही गं.

आता ऐक. म्हशीवरून ये.

दादा


११ मे

दादा,

हो, मीच. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, एक्कावन्नाव्या वर्षी चाकांवर उभी राहून हाडं मोडून घेणार का? आणि मला तुझं ऐकायचं नव्हतं.

म्हशीवरून येणार नाही. तुझं गणित बरोबर आहे, मी काल रात्री कागदावर मांडून बघितलं. पण शनिवारी तुझं पत्र तिथेच वाचलं आणि परतताना ठरवून निघाले की आज सरळ जायचं, आणि ती समोर आली तशी हात आपोआप वळले. वळून झाल्यावर मला कळलं की मी वळले. सव्वीस वर्षांचे हात आहेत, ते माझं ऐकत नाहीत. मी लवकर निघेन, चिखलात फळी उचलून पळेन, पण तिच्यावरून जमणार नाही.

धाकटी


१५ मे

धाकटे,

जमणार नाही म्हणे. तेवीस वेळा आपटून चोविसाव्यांदा उभी राहिलीस, हे पोस्टातल्या बाईंनी मला आता सांगितलंय; फळीवर तूच आहेस हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, पण तुझं गुपित म्हणून त्यांनी फोडलं नाही. तुमच्या पोस्टमास्तरांनी तुझा अर्ज त्यांना वाचायला पाठवला होता.

तर मी असं ठरवलंय. येत्या मंगळवारपासून दर फेरीला मी तुझ्या होडीची घंटा, शिडाबरोबर काढून ठेवलेली, ती घेऊन म्हशीच्या पाठीवर उभा राहणार. बाई सकाळी सोडतील आणि दुपारी न्यायला येतील. मध्ये मी एकटा. डोक्यावर ऊन, डोळ्यांना दिसत नाही. तू वळसा घालून गेलीस तर मी घंटा वाजवत उभाच राहीन. घालायचा तर खुशाल घाल वळसा.

तूच एक हट्टी आहेस असं समजू नकोस. आपण एकाच घरातले आहोत.

दादा


१९ मे

पोस्टमास्तर साहेब,

अहवाल, जरा लांबेल.

काल तुम्ही थैलीत भावाचं दवाखान्याचं पाकीट टाकताना मला दाखवलंत. तेव्हापासून झोप नव्हती. आज सकाळी आठपासून फळीवर हात ठेवून बसले. नऊ झाले, दहा झाले, वारा नाही. तुम्ही स्वतः येऊन घड्याळ बघून गेलात. अकरा वाजून आठ मिनिटांनी गालाला वारा लागला आणि मी शीड उचललं.

म्हैस दिसायच्या आधी घंटा ऐकू आली. तीच, माझ्या होडीची. तो उंचवट्यावर मधोमध उभा होता, डोक्याला पंचा, तोंड भलत्याच दिशेला. माझे हात वळायला लागले. खरं सांगते, दांडी अर्धी फिरली होती. पण तो समोर तसा उभा असताना मी त्याला सोडून चिखलात कशी जाऊ? मी शीड परत ओढलं आणि मोठ्याने ओरडले, "दादा, बाजूला हो!"

तीन वर्षांनी भावाशी तोंडाने बोललेले हे पहिले शब्द.

तो बाजूला झाला, पण उलट्या बाजूला, म्हणजे माझ्या वाटेत. कशीबशी त्याच्या कोपराजवळून गेले. म्हशीची पाठ साहेब, अशी सपाट आहे की चाकांचा आवाजसुद्धा बदलला. खालून काही आपटलं नाही, काही फुटलं नाही. मी रडत होते, आणि चष्म्यात पाणी साचलं की पुसायला हात मोकळा नसतो, हे तुम्ही पुढच्या माणसाला सांगून ठेवा.

पावती ११.४३ ची आहे. पस्तीस मिनिटं. अडीच महिने मी जिथे दोन तास लावत होते.

थैली देऊन त्याचं पाकीट सही करून घेतलं आणि तशीच म्हशीवर परत गेले. तो अजून घंटा वाजवत होता. पत्र वाचून दाखवलं. तारीख २७ मे. तो म्हणाला, "परत वाच." परत वाचलं.

होडीवाली


३० मे

होडीवाल्या बाई,

चाचणी संपली. सव्वीस फेऱ्यांपैकी दोन चुकल्या. पलीकडचं पोस्ट चालू राहील आणि टपालाचं काम तुमच्याकडे कायम झालं आहे. वरच्या साहेबांचं पत्र सोबत आहे.

२७ तारखेला पहाटेच्या वाऱ्यात... पहाटे वारा नसतो हे मला आता माहीत आहे, तेव्हा आदल्या दुपारीच असेल. तर त्या दुपारी थैलीच्या जागी एका गृहस्थांना फळीवर बसवून आणल्याचं कानावर आलं. ते गृहस्थ टपालात नोंदलेले नसल्यामुळे मला त्यांच्याबद्दल काही माहीत नाही. त्यांचे डोळे कसे आहेत?

पोस्टमास्तर


१२ जून

धाकटे,

अक्षर बघ. एका पानावर चोवीस ओळी, पट्टी न ठेवता.

डोळा उघडल्यापासून बघण्याची घाई झालीय. पहिल्यांदा ते शीड बघितलं आणि लाज वाटली. असली शिवण माझ्या हातून गेली आणि तू ती गावभर मिरवलीस! शनिवारी शीड उतरवून ठेव. सगळं उसवून परत शिवतो, बोटभरात सात. मग खिडकीतून तुला येताना बघितलं. म्हशीवर आलीस तशी मी मनातल्या मनात "वळ" म्हटलं आणि तू वळली नाहीस. तू फार म्हातारी दिसायला लागली आहेस, पण फळीवर उभी छान राहतेस. बाबा असते तर पहिल्यांदा ओरडले असते आणि मग सगळ्या काठाला बोलावून दाखवलं असतं.

दहा दिवस तुझ्या घरी राहिलो. डोळ्यांत औषध घालून घेतलं, सगळ्या जगाचं बोललो. शिडाचं तेवढं तू काढलं नाहीस आणि मीही नाही. परत सोडायला आलीस तेव्हा माझी पिशवी पहिल्या पायरीवर ठेवलीस आणि फिरलीस. दिलेला शब्द तू मोडणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. म्हणून आज वर दार लावून हे लिहायला बसलो.

ते शीड तुझं होतं. पाणी येवो न येवो, मी तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं. तीन वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं.

पायऱ्या एकोणतीस आहेत, आज मोजल्या. सोळावी जरा हलते, तिच्यावर जपून पाय ठेव. पुढचं पत्र खिडकीवर देऊ नकोस, वर घेऊन ये.

दादा